संश्लेषण वायू : एका पारिभाषिक शब्दाचा अर्थ

मराठी घरांतून ‘गॅस’ हा शब्द जितक्या अर्थांनी बोलला जातो, तितक्या अर्थांनी क्वचितच दुसरा एखादा परकी शब्द बोलला जात असेल. स्वयंपाकघरातील शेगडी हा गॅस, तिला जोडलेली लाल टाकी हाही गॅस, आणि वातुळ पदार्थ खाऊन पोट फुगले तर तोही गॅसच. वरातीत डोक्यावरून मिरवणारी गॅसबत्ती तर वस्तुतः रॉकेलच्या वाफेवर जळत असे. सतराव्या शतकात व्हान हेल्माँट नावाच्या विद्वानाने हा शब्द प्रथम योजला, तेव्हा त्याचा असा गोतावळा वाढेल हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल.

अलीकडे या गोतावळ्यात ‘सिनगॅस’ हे एक नवे नाव कानी पडू लागले आहे. देवास जिल्ह्यातील खातेगांवसारख्या ठिकाणी मराठी घरातील मूल शास्त्र हिंदीतून शिकते, इंग्रजी शब्द पाठ करते आणि घरी येऊन मराठीत त्याचा अर्थ सांगू लागते. अशा वेळी ‘सिनगॅस म्हणजे कृत्रिम गॅस’ असे सहज सांगितले जाते. हा अर्थ चुकीचा आहे. ‘सिन’ हे अक्षर येथे कृत्रिमतेचे नव्हे, संश्लेषणाचे, म्हणजे साध्या द्रव्यांपासून नवे द्रव्य जुळवून तयार करण्याच्या क्रियेचे आहे. दळणाचे गहू म्हणजे दळलेले गहू नव्हेत. ते दळण्यासाठी काढून ठेवलेले गहू होत. तद्वतच संश्लेषण वायू म्हणजे संश्लेषणासाठी सिद्ध केलेला वायू. म्हणून त्यास ‘संश्लिष्ट वायू’ म्हणणे योग्य नाही.

हा वायू एक नसून मिश्रण आहे. तापून लाल झालेल्या कोळशावरून पाण्याची वाफ सोडली असता कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे दोन वायू निर्माण होतात. नैसर्गिक वायू व वाफ यांचा निकेलच्या सान्निध्यात संयोग घडवूनही हेच मिश्रण मिळते. त्यापासून मेथॅनॉल तयार होते. १९२३ पासून जर्मनीत ते मोठ्या प्रमाणावर होऊ लागले, आणि पुढे दोनच वर्षांनी फिशर व ट्रॉप्श या शास्त्रज्ञांनी त्याच मिश्रणापासून द्रवरूप इंधन करण्याची रीत शोधून काढली. याच मिश्रणापासून मिथेन बनविला म्हणजे मात्र तो खरोखरच कृत्रिम नैसर्गिक वायू होतो. ‘कृत्रिम’ हे विशेषण त्याला शोभते. आणि दोहोंच्या नावांतील साम्यामुळेच बहुधा हा घोटाळा झाला असावा.

खातेगांवच्या शेतकऱ्याचा या वायूशी संबंध काय, असे कोणी विचारील. रब्बीत गव्हाला पाणी दिल्यावर तो जो युरिया फेकतो, त्याचा जन्म याच वायूतून झालेला असतो. मध्य प्रदेशातच, गुना जिल्ह्यातील विजयपूर येथे १९८८ साली सुरू झालेला युरियाचा मोठा कारखाना आहे. हजीऱ्याहून नळाने आलेल्या नैसर्गिक वायूपासून तेथे प्रथम संश्लेषण वायू करतात, त्यात हवेतील नत्रवायू मिसळतात, आणि कार्बन मोनॉक्साइडचे वाफेच्या साहाय्याने कार्बन डाय-ऑक्साइडमध्ये रूपांतर करून तो वेगळा काढतात. उरतो तो एक भाग नत्रवायू आणि तीन भाग हायड्रोजन. त्यांचा अमोनिया होतो; आणि वेगळा काढलेला कार्बन डाय-ऑक्साइड वाया न दवडता त्या अमोनियाशी जोडून युरिया करतात. गंमत अशी की, खताच्या कारखान्यात ‘संश्लेषण वायू’ म्हटले की या नत्र-हायड्रोजनच्या मिश्रणाचाच बोध होतो, तर मेथॅनॉलच्या कारखान्यात त्याच शब्दाने पहिल्या मिश्रणाचा. शब्द एक, घटक निराळे. परंतु दोन्ही ठिकाणी ‘संश्लेषणासाठी’ हा अर्थ कायम राहतो.

याच कुळातील दोन जुने वायू महाराष्ट्राच्या परिचयाचे आहेत. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली जे दिवे लागले, ते बंद भट्टीत दगडी कोळसा तापवून काढलेल्या कोळसा वायूचे होते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई पडली तेव्हा मोटारींच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसल्या. त्या प्रोड्यूसर गॅसवर चालत. कोळसा किंवा लाकूड अपुऱ्या हवेत जाळून हा वायू काढतात. त्यात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन असतात खरे, परंतु हवेबरोबर आलेला नत्रवायू जवळजवळ निम्मा असतो व तो जळत नाही. त्यामुळे नैसर्गिक वायूच्या मानाने त्याची उष्णता सातव्या-आठव्या हिश्शाइतकीच भरते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाच्या पाचटापासून असा वायू काढण्याचे यंत्र तयार केले. कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा सोयाबीनचे कुटार घरी असलेल्या शेतकऱ्याला अशा यंत्रांविषयी कुतूहल वाटणे साहजिक आहे. मात्र असे यंत्र ‘सिनगॅस’च्या नावाने दाखविले गेले, तर टाकीतल्या गॅसइतकी आच त्यातून मिळेल असे त्याने धरून चालू नये, आणि गॅसची घरगुती शेगडी त्या नळाला जोडून भागत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट विषाची आहे. गोबरगॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो. तो पेट घेईल, पण त्याची गणना विषांत होत नाही. संश्लेषण वायू आणि प्रोड्यूसर गॅस या दोहोंत कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. त्याला रंग नाही, वास नाही. स्वयंपाकाच्या टाकीतील वायू गळला तर कळावा म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. येथे अशी सोय आपोआप लाभत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक ओढीने धरून ठेवते. आधी डोके दुखते, मळमळते, मग ग्लानी येते. आणि माणसाला वाटते की नुसती झोप येत आहे. थंडीत दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी उशाशी ठेवणाऱ्यांचा घात हाच वायू करतो. म्हणून प्रोड्यूसर गॅसचे यंत्र चारी बाजूंनी मोकळ्या छपराखालीच बसवावे लागते, आणि गोबरगॅसची सवय असलेल्या माणसाला आधी हे सांगावे लागते की, नळ सारखा दिसत असला तरी आतला वायू तो नव्हे.