चष्मा गेला, पण डोळा तोच!

समजा तुमच्या ताईने आजच लेसरची शस्त्रक्रिया करून घेतली आहे. तिचा नंबर होता उणे तीन. आता चष्मा नाही. पण डोळे चुरचुरताहेत, पाणी येते आहे आणि रात्री दिव्याकडे पाहिले की चंद्राला पडते तसे खळे दिसते आहे. आई काळजीत पडली आहे. काळजीचे कारण आहे का? ते कळण्यासाठी डोळ्यात नेमके काय झाले, ते आधी पाहू.

डोळ्याच्या पुढच्या बाजूस घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी असते जेमतेम अर्धा मिलिमीटर! डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण शक्ती सुमारे 60 डायॉप्टर असते. त्यांपैकी 43 च्या आसपास एकट्या पारपटलाची असते. निकटदृष्टिता असलेल्या माणसाचा डोळा बहुधा थोडा लांबट असतो. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते. पारपटल मधोमध किंचित सपाट केले, की प्रतिमा मागे सरकून योग्य जागी पडते.

किती सपाट करायचे? उणे तीन नंबरासाठी 6 मिलिमीटर रुंदीच्या भागात मध्यभागी सुमारे 36 मायक्रॉन. म्हणजे डोक्याच्या केसाच्या साधारण निम्म्या जाडीइतके. हे काम 193 नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण करतात. ते रेणूंमधील बंध तोडतात, पण शेजारचा भाग भाजत नाहीत. हा गुण 1981 साली अमेरिकेतील आयबीएमच्या प्रयोगशाळेत लक्षात आला. तो शोधणाऱ्या तिघांपैकी एक होते भारतात जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन. त्यांनी पहिला प्रयोग केला तो मेजवानीतून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर!

लॅसिक या पद्धतीत पारपटलाचा सुमारे 100 ते 120 मायक्रॉन जाडीचा पापुद्रा दारासारखा उघडतात. बिजागरीप्रमाणे एका कडेला तो जोडलेलाच राहतो. आतल्या भागावर लेसर चालवून पापुद्रा पुन्हा मिटवतात. लेसरचे काम काही सेकंदांत उरकते. खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते डॉक्टर नव्हे, डोळा स्वतः करतो.

पापुद्र्याला टाका घालत नाहीत. मग तो टिकतो कसा? पारपटलाच्या सर्वांत आतल्या थरातील पेशी सतत पाणी बाहेर उपसत असतात. त्या ओढीने पापुद्रा जागच्या जागी बसतो. साधारण एका दिवसात वरच्या पेशी कडेवरून पसरून फट बुजवतात. पण आतला जोड पूर्वीइतका बळकट कधीच होत नाही. म्हणून ताईने डोळे चोळायचे नाहीत, झोपताना डोळ्यांवर संरक्षक झाकण लावायचे आणि डॉक्टर सांगतील तोपर्यंत पोहायला जायचे नाही.

दुसऱ्या एका पद्धतीत पापुद्रा करत नाहीत. फक्त वरच्या पेशींचा पातळ थर काढून लेसर चालवतात. तो थर भरून यायला चार-पाच दिवस लागतात. तोवर डोळा दुखतो आणि नजर स्पष्ट व्हायला आठवडे जातात. पण यात पापुद्रा सरकण्याची भीती नाही. म्हणून कुस्ती-कबड्डी खेळणाऱ्यांना ही पद्धत अधिक सोयीची.

आता एक प्रयोग करा. पापणी न मिटता समोर पाहत राहा. थोड्याच वेळात डोळे चुरचुरू लागतील. हा निरोप पारपटलातील बारीक चेतातंतू मेंदूला देतात, आणि मग पापणी लवते, अश्रू येतात. पापुद्रा करताना यांतले बरेच तंतू कापले जातात. निरोप कमी पोहोचल्यामुळे अश्रूही कमी येतात आणि डोळे कोरडे पडतात. तंतू पुन्हा वाढायला कित्येक महिने लागतात. तोवर कृत्रिम अश्रूंचे थेंब घालावे लागतात. काही थोड्या लोकांचा कोरडेपणा पुढेही राहतो.

आणि खळे? अंधारात बाहुली मोठी होते. त्यामुळे लेसर चाललेल्या भागाच्या कडेवरूनही प्रकाश आत शिरतो आणि तो वेगळ्या प्रमाणात वळतो. सुरुवातीला पारपटलावर सूजही असते. बहुतेकांचे खळे काही महिन्यांत फिके होते. काहींना मात्र ते कायम दिसते. अशांनी रात्री वाहन चालवताना जपावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. लेसरने पारपटल बदलले, डोळ्याची लांबी बदलली नाही! नंबर मोठा असेल तर लांबट डोळ्यात दृष्टिपटल ताणले जाऊन पातळ झालेले असू शकते. तो धोका चष्म्याबरोबर जात नाही. अचानक प्रकाशाच्या रेघा चमकल्या, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखे वाटले किंवा नजरेवर पडदा सरकल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. चाळिशी आली की डोळ्यातील भिंग ताठर होते. तेव्हा ताईलाही वाचण्यासाठी चष्मा लागेलच.

तुमच्यापैकी कोणाला लगेच चष्मा टाकायचा असेल, तर थोडे थांबा. वाढत्या वयात नंबरही वाढतो. म्हणून वयाची 18 वर्षे पूर्ण झाल्यावर आणि निदान वर्षभर नंबर स्थिर राहिल्यावरच ही शस्त्रक्रिया करतात. पारपटल फार पातळ किंवा शंकूसारखे पुढे आलेले असेल, तर मुळीच करत नाहीत.

तेव्हा आईला सांगा, पहिल्या रात्रीची चुरचुर आणि खळे हे अपेक्षितच आहे. मात्र वेदना वाढल्या किंवा नजर अंधूक होऊ लागली, तर वाट पाहू नका. हात स्वच्छ धुऊन ताईच्या डोळ्यांत वेळेवर थेंब घाला. आणि तिच्या जुन्या नंबराचे व तपासणीचे कागद जपून ठेवा. पुढे कधी मोतीबिंदू झाला, तर बसवायच्या भिंगाचा हिशेब करताना डॉक्टर नेमके तेच कागद मागतील.