दोनशे दहावा दिवस
(ऋतू आणि प्रवास : लेखांक ७)

जपानच्या जुन्या पंचांगात वसंतारंभापासून, म्हणजे साधारण ४ फेब्रुवारीपासून, मोजलेला दोनशे दहावा दिवस १ सप्टेंबरच्या आसपास येतो. ‘निह्याकु-तोका’ या नावाने तो वादळाचा दिवस मानला जातो, कारण भात फुलोऱ्यावर असताना वारा सुटला तर वर्षाचे पीक हातचे जाते. महाराष्ट्रातील शेतकरी उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रे ज्या हिशेबाने लक्षात ठेवतो, त्याच जातीची ही मोजणी होय. तोयामा प्रांतातील यात्सुओ या गावी १ ते ३ सप्टेंबरच्या रात्री, चेहरा झाकेल इतक्या पुढे ओढलेल्या टोप्या घातलेले स्त्री-पुरुष कोक्यू या गजाने वाजवायच्या तंतुवाद्याच्या संथ सुरांवर गल्लीबोळांतून नाचत जातात, तेही वाऱ्याची मनधरणी करण्यासाठीच. मात्र पावसाची सर आली की वाद्ये भिजू नयेत म्हणून हा नाच थांबवावा लागतो.

याच पंचांगानुसार शरद ऋतू ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच लागतो आणि त्यानंतरच्या उन्हाळ्याला ‘झान्शो’, म्हणजे मागे उरलेला उकाडा, असे म्हणतात. तोक्योचे सरासरी कमाल तापमान ऑगस्टमध्ये ३१.३ अंश आणि सप्टेंबरमध्ये २७.५ अंश असते. एप्रिल-मे सोसलेल्या नागपूरकराला हे आकडे किरकोळ वाटतील, पण हवेत बाष्प इतके असते की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याखेरीज शरीर थंड होत नाही. पावसाच्या बाबतीतही असाच गैरसमज होतो. जपानचा पावसाळा जूनमध्ये असतो असे प्रवासी ऐकून असतात आणि तो टाळून सप्टेंबर निवडतात. प्रत्यक्षात तोक्योत जूनमध्ये सरासरी १६८ मिलिमीटर, तर सप्टेंबरमध्ये २२५ आणि ऑक्टोबरमध्ये २३५ मिलिमीटर पाऊस पडतो, कारण उत्तरेची थंड हवा आणि प्रशांत महासागरावरची उष्ण, दमट हवा जेथे भिडतात तो पट्टा या काळात जपानवर येऊन रेंगाळतो.

त्यात भर पडते ती ‘ताइफू’ची. ज्या उष्णकटिबंधीय वादळात वाऱ्याचा कमाल वेग सेकंदाला १७.२ मीटरवर पोचतो, त्याला जपानी हवामान खाते हे नाव देते आणि दर वर्षी एकपासून क्रमांक लावते. भर उन्हाळ्यात प्रशांत महासागरावरील उच्च दाबाचा प्रदेश पसरलेला असल्याने ही वादळे त्याच्या कडेने संथपणे भरकटतात. सप्टेंबरमध्ये तो प्रदेश मागे सरतो, पश्चिमी वारे दक्षिणेकडे उतरतात आणि त्यांच्या कचाट्यात सापडलेले वादळ ईशान्येकडे वळून वेगाने जपानवरून निघून जाते. अंदाजाच्या नकाशावर पुढच्या प्रत्येक टप्प्यासाठी एक तुटक रेषेचे वर्तुळ काढलेले असते आणि दिवस पुढे जातील तसे ते मोठे होत जाते. पाहणाऱ्याला वाटते की वादळच फुगत चालले आहे; वस्तुतः वादळाचा मध्य त्या वर्तुळात असण्याची शक्यता ७० टक्के आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. म्हणजे वाढते ते वादळ नव्हे, अनिश्चितता.

प्रवासाची आखणी करणाऱ्याने हे वर्तुळ वाचायला शिकावे, कारण आता रेल्वेही त्याच्याच आधारे चालते. ‘केइकाकु उन्क्यू’, म्हणजे पूर्वनियोजित बंद, या पद्धतीत वादळ येण्याच्या सुमारे दोन दिवस आधी गाड्या थांबण्याची शक्यता आणि एक दिवस आधी नेमका तपशील जाहीर होतो. उकाड्यावर उपाय जागा बदलण्याचा आहे: साप्पोरोत सप्टेंबरचे सरासरी कमाल तापमान २३ अंशांच्या आसपास असते आणि होक्काइदोच्या दाइसेत्सु डोंगरांत याच महिन्यात पाने रंगू लागतात. वादळावर उपाय मात्र वेळेचाच, आणि तो म्हणजे परतीच्या विमानाआधी विमानतळाच्याच शहरात एक मोकळा दिवस ठेवणे. ४ सप्टेंबर २०१८ रोजी समुद्रात भराव घालून बांधलेल्या कान्साई विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी शिरले, वाऱ्याने ओढला गेलेला टँकर जोडपुलावर आदळला आणि हजारो माणसे रात्रभर त्या बेटावर अडकून पडली.

वादळ गेल्यावरच्या निरभ्र आकाशाला जपानीत ‘ताइफू इक्का’ म्हणतात. त्या सकाळी हवा अशी धुतलेली असते की तोक्योतील उंच इमारतींवरून फुजी पर्वत दिसू शकतो. रुळांवरची पडलेली झाडे हटवून मार्ग तपासला जाईपर्यंत गाड्या मात्र थांबलेल्याच असतात.