जंगलाच्या मातीतील श्रमिक

जंगल म्हटले की आपली नजर वर, शेंड्याकडे जाते. आमचा जन्म कामगार संघटनेत गेला. त्यामुळे चिमणीच्या आधी तळाशी राबणारे हात पाहण्याची आम्हांला सवय. जंगलातले हे हात मातीत आहेत.

गळलेला पालापाचोळा व पडलेले लाकूड कुजवून त्यातील अन्न मुळांच्या हवाली करण्याचे काम जिवाणू आणि बुरश्या करतात. झाडाची मुळे आणि बुरशी भागीदारीत नांदतात, असे जर्मन शास्त्रज्ञ आल्बेर्ट फ्रांक यांनी १८८५ साली मांडले. बुरशी दूरचे पाणी व क्षार आणते. झाड तिला साखर देते. पण प्रत्येक झाडाचा भागीदार सारखा नसतो. पाइन किंवा ओकच्या मुळांना बुरशी बाहेरून वेढते. सागाच्या मुळांत ती आत शिरते. खैर, शिसव ही झाडे मुळांवरच्या गाठींत हवेतील नत्र बांधणारे जिवाणू पोसतात. झाडे नाना जातींची, तर मातीतले कामकरीही नाना प्रकारचे.

मग झाडांच्या जाती वाढविल्या की काम भागले काय? नाही. मातीचा आंबटपणा ज्या मापाने मोजतात त्याला सामू म्हणतात. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल. नोआ फिअरर व रॉबर्ट जॅक्सन यांनी उत्तर व दक्षिण अमेरिकेतील मातीचे ९८ नमुने तपासून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. जिवाणूंचे सर्वांत अधिक प्रकार उदासीन मातीत आढळले. सर्वांत कमी पेरूमधील ॲमेझॉनच्या आम्ल मातीत. म्हणजे, वर वृक्षांची एवढी दाटी असलेल्या अरण्यातही खाली जिवाणूंचे प्रकार थोडेच! बुरश्यांना मात्र आम्ल माती तितकी बाधत नाही.

तरीही माती म्हणजे कायमचे विधिलिखित नव्हे. पोलंडमध्ये सिएमियानित्से येथे १९७०-७१ साली एकाच ठिकाणी १४ जातींची झाडे वेगवेगळ्या वाफ्यांत लावली. तीस वर्षांनी पाहिले तर ज्यांच्या पानांत चुना अधिक, त्या मॅपल व लिंडेनखालची माती कमी आंबट होती आणि तिच्यात गांडुळेही जास्त होती. माती झाडाला घडविते, तसे झाडही मातीला घडविते. पण त्याला पिढीभराचा काळ लागतो.

आपल्याकडे कोकणातील जांभ्याची माती आम्ल, तर देशावरची काळी माती बहुधा त्याच्या उलट. दोन्हीकडे एकाच जातीच्या रोपांच्या रांगा लावून आकडा फुगविता येईल, जंगल उभे राहणार नाही. उन्हात खड्डे खणणाऱ्या मजुराचा घाम त्यात वाया जातो, हे आम्हांला अधिक सलते. म्हणून पुढच्या वृक्षारोपणाच्या वेळी रोपे किती, एवढेच विचारून थांबू नका. जाती किती, त्या मूळच्या कुठल्या आणि मातीचा सामू काय, हेही विचारा.