अन्नपूर्णेचे एकच पातेले

मार्गशीर्षाची थोरवी काय सांगावी! गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना श्रीकृष्णाने सर्व महिन्यांतून याच महिन्याचे नाव घेतले आहे. शुद्ध षष्ठीला चंपाषष्ठी, एकादशीला गीताजयंती, आणि पौर्णिमेला दत्तजयंतीबरोबरच अन्नपूर्णा जयंती. या पौर्णिमेस चुलीची किंवा शेगडीची पूजा करावी, धान्याच्या डब्यांना हळदकुंकू वाहावे आणि घरात रांधलेल्या अन्नाचा नैवेद्य दाखवावा, असा अनेक घरांचा परिपाठ आहे.

गोंदिया जिल्ह्यातील घरांना या दिवसाचे औचित्य निराळे सांगावे लागत नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा आहे. वैनगंगा, बाघ, चुलबंद आणि गाढवी या नद्यांनी व कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या तलावांनी येथील बांध्या भिजविल्या. भरपावसात, पोटरीभर चिखलात वाकून ज्यांनी रोवणी केली, त्यांच्या कष्टांचे फळ मार्गशीर्षापर्यंत खळ्यावरून घरात आलेले असते. नव्या तांदळाचा वास माजघरात दरवळत असताना अन्नपूर्णेचे स्मरण झाले नाही, तरच नवल! गोंड बांधव तर त्याआधीच, भाद्रपदाच्या सुमारास, नवाखाईच्या सणाने नव्या अन्नाला वंदन करतात.

परंतु या मंगल दिवसाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सण म्हटला की चार भाज्या, दोन कोशिंबिरी, वरण, आमटी, तळण आणि पक्वान्न असा बेत ठरतो. घरची गृहिणी पहाटे उठते, स्नान करून चुलीपुढे बसते आणि दुपार टळेपर्यंत तिथून हलत नाही. अनेकदा तिचा उपवासही असतो. देवघरातील आरतीचा नाद तिच्या कानी पडतो तो स्वयंपाकघरातच. अन्नपूर्णेच्या जयंतीला घरच्या अन्नपूर्णेनेच देवीपुढे उभे राहू नये, ही विसंगती आपल्या ध्यानात येत नाही, कारण ती आपल्या अंगवळणी पडली आहे. एकाच पातेल्यात, मंद आचेवर शिजणारा सात्त्विक स्वयंपाक हा या विसंगतीवरचा एक साधा उपाय होय.

देवाला एका पातेल्याचे वावडे नाही

एका भांड्याचा नैवेद्य म्हणजे कमीपणा, असे कोणी मानू नये. आपल्या परंपरेतील अन्नाच्या कथा बहुधा एकाच भांड्याच्या आहेत. महाभारताच्या वनपर्वात सूर्याने युधिष्ठिराला दिलेले ताम्रपात्र, जे लोकांच्या तोंडी द्रौपदीची थाळी म्हणून राहिले, ते एकच होते. दुर्वास ऋषी शिष्यांसह आले तेव्हा श्रीकृष्णाने त्या पात्राच्या काठाला चिकटलेला भाजीभाताचा कण मुखात घातला आणि नदीवर स्नानास गेलेले सारे ऋषी तृप्त झाले. पदार्थांची संख्या तेथे कोणी मोजली नाही.

जगन्नाथपुरीशी जोडलेली कर्माबाईची कथाही अशीच आहे. ती भाबडी भक्त बाळकृष्णाला पहाटे भूक लागेल म्हणून उठल्याबरोबर खिचडी रांधीत असे. एका साधूने तिला आधी स्नान आणि सोवळे करण्यास सांगितले. ती त्याप्रमाणे वागू लागली, तेव्हा देवाची न्याहारी लांबली आणि मंदिरात त्याच्या मुखाला खिचडी लागलेली दिसली, असे सांगतात. खुद्द पुरीच्या मंदिरात आजही मातीची भांडी एकावर एक रचून लाकडाच्या जाळावर महाप्रसाद शिजवितात, आणि तो प्रसाद घेताना जातीपातीचा भेद पाळीत नाहीत.

पुरीच्या याच पाकशाळेवरून डॉ. इंदुमाधव मल्लिक या बंगाली वैद्यकतज्ज्ञांना इकमिक कुकरची कल्पना सुचली, असे म्हणतात. १९१० मध्ये त्यांनी तो तयार केला. खाली निखारे, वर पाणी आणि त्यावर डब्यांची चळत. भात, डाळ व भाजी आपापल्या डब्यात वाफेवर सावकाश शिजत, आणि तेवढ्या वेळात माणूस आपल्या कामास मोकळा होई. आज विजेवर चालणारी मंद आचेची जी भांडी मिळतात, त्यांचे तत्त्व याहून फारसे निराळे नाही.

वैलावरचे शास्त्र

आपल्या जुन्या चुलीला बाजूला एक वैल असे. मुख्य जाळावर भाकरी भाजावी आणि वैलावर वरण किंवा दूध ठेवून द्यावे, ही रीत होती. त्यात मोठे शहाणपण आहे. पाणी एकदा उकळू लागले की जाळ कितीही वाढविला तरी उघड्या भांड्यातील पाण्याची उष्णता सुमारे शंभर अंशांच्या वर जात नाही. वाढते ती केवळ वाफ, आणि वाया जाते ते सरपण. म्हणून पहिली उकळी मोठ्या आचेवर आणावी, मग आच अगदी कमी करावी आणि वर झाकण घट्ट बसवावे. तांदळाचा दाणा आतपर्यंत फुलतो, डाळ मऊ होते आणि तळाला करपत नाही. भांडे मात्र जाड बुडाचे हवे.

दुसरी गोष्ट पाण्याची. नवा तांदूळ कमी पाणी घेतो आणि चिकट होतो. वर्षाचा जुना तांदूळ जास्त पाणी घेतो आणि मोकळा शिजतो. एक वाटी नव्या तांदळाला साधारण पावणेदोन वाट्या पाणी पुरते, जुन्याला दोन ते सव्वादोन वाट्या लागतात. म्हणून नव्या तांदळाची खिचडी किंवा खीर करावी, आणि मोकळा भात हवा असेल तेव्हा जुना तांदूळ काढावा.

नैवेद्याचे तीन प्रकार

खाली दिलेले तीनही प्रकार कांदा-लसणाशिवाय होतात. प्रमाण चार ते पाच माणसांचे आहे.

*गोळाभात :* हा विदर्भाचा खास मानाचा पदार्थ. दीड वाटी हरभऱ्याच्या डाळीचा जाडसर भरडा घ्यावा. त्यात तिखट, हळद, हिंग, मीठ, चिरलेला सांभार आणि दोन मोठे चमचे गरम तेलाचे मोहन घालावे. पाण्याचा हबका मारीत घट्ट भिजवून सुपारीपेक्षा जरा मोठे गोळे वळावेत. पातेल्यात थोड्या तेलावर मोहरी-हिंगाची फोडणी करून दोन वाट्या जुने, धुतलेले तांदूळ परतावेत व साडेचार वाट्या आधणाचे पाणी आणि मीठ घालावे. पाणी आटत आले आणि भातावर छिद्रे दिसू लागली की गोळे त्यात ठेवून वरून भाताने झाकावेत. झाकणावर थोडे पाणी ठेवून अगदी मंद आचेवर वीस मिनिटे वाफ येऊ द्यावी. एक गोळा फोडून पाहावा. आत कच्चा राहिला नसेल तर भात झाला. वाढताना गोळा भातात कुस्करून त्यावर मोहरी, हिंग व सुक्या मिरचीची कडकडीत फोडणी घालावी. सोबत चिंचेचे सार किंवा कढी असली की दुसरे काही लागत नाही.

*सोलेभात :* ओल्या तुरीच्या दाण्यांना आपण सोले म्हणतो. थंडीत बाजारात शेंगा आल्या की हा भात करावा. तेलात मोहरी, जिरे, हिंग, हळद, किसलेले आले व हिरवी मिरची घालून दीड वाटी सोले झाकण ठेवून पाच-सात मिनिटे वाफवावेत. मग लहान वांग्याच्या फोडी, दोन चमचे काळा मसाला आणि दोन वाट्या तांदूळ परतून चार वाट्या गरम पाणी, मीठ व चवीपुरता गूळ घालावा. उकळी आल्यावर आच मंद करून वीस मिनिटे शिजवावे. चातुर्मासात वांगी वर्ज्य करणारी पुष्कळ घरे चंपाषष्ठीला ती पुन्हा खाण्यास आरंभ करतात. त्यामुळे पौर्णिमेच्या नैवेद्याला वांग्याची हरकत उरत नाही. सोले न मिळाल्यास वालाचे ओले दाणे, म्हणजे आपले पोपट, घ्यावेत.

*कणीची खीर :* गोंदियाच्या गिरण्यांतून तांदळाबरोबर कणीही निघते. तिला हलकी समजू नये. खिरीला तिच्यासारखी दुसरी नाही. पाव वाटी नव्या तांदळाची कणी धुऊन अर्धा तास भिजवावी. एक लिटर दूध उकळून त्यात ती घालावी आणि मंद आचेवर पाऊण तास शिजू द्यावी. अधूनमधून तळापासून ढवळावे. शेवटी अर्धी वाटी साखर, वेलची आणि आपल्या जंगलातील चारोळी घालावी. गूळ वापरायचा असेल तर खीर उतरवून जरा निवल्यावरच घालावा, एरवी दूध फाटण्याचा संभव असतो.

खीर बाजूच्या मंद शेगडीवर आधी चढवावी, मग भात. दोन्ही शिजत असताना गृहिणीला पूजेसाठी सलग वेळ मिळतो. खीर ढवळण्याचे काम घरातील दुसऱ्या कोणी हाती घ्यावे.

जपण्याच्या गोष्टी

मंद आच आणि कोमट अन्न यांत फार अंतर आहे, हे विसरू नये. भातात असे काही सूक्ष्म जंतू असतात की ज्यांची बीजे उकळीतही टिकून राहतात. भात तासन्‌तास कोमट राहिला तर ती वाढतात आणि विष तयार करतात. ते पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. म्हणून शिजलेले अन्न एक तर वाफाळते गरम ठेवावे किंवा दोन तासांच्या आत संपवावे. उरलेले लगेच पसरट भांड्यात निववून शीतपेटीत ठेवावे. भंडाऱ्याच्या मोठ्या गंजांच्या बाबतीत तर ही काळजी अधिकच घ्यावी, कारण गंजाच्या पोटातील भात बाहेरून थंड भासला तरी आत बराच वेळ कोमट राहतो. प्रसादाने कोणास बाधा होऊ नये, हाही सेवेचाच भाग आहे.

विजेच्या मंद आचेच्या भांड्यात राजमा शिजवायचा असल्यास तो रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, आधी साध्या पातेल्यात निदान दहा मिनिटे खळखळ उकळावा. कच्च्या राजम्यातील अपायकारक द्रव्य केवळ मंद उष्णतेने जात नाही.

आणखी एक. अंदाज चुकवून दुप्पट रांधण्याची हौस सणाला टाळावी. पातेले एकच असले की माप सहज करता येते: मोठ्या माणसाला अर्धी वाटी तांदूळ, लहानास त्याच्या निम्मा. रोवणीपासून मळणीपर्यंतचे कष्ट ज्या जिल्ह्याने पाहिले आहेत, तेथे तरी पानात शीत टाकले जाऊ नये.

पहिल्या पंगतीचा मान

द्रौपदीच्या थाळीचा एक नियम होता. द्रौपदी जेवेपर्यंतच तिच्यातून अन्न निघे. ती जेवली की त्या दिवसापुरते पात्र रिकामे. म्हणून ती सर्वांच्या शेवटी जेवत असे. घरच्या स्त्रीने सर्वांना वाढून मग उरलेसुरले खावे, या आपल्या रिवाजाला या कथेचा आधार अनेकदा दिला जातो. वनवासातील त्या साध्वीचा त्याग थोरच होता. पण तो त्या पात्राचा नियम होता. आपल्या घरातील पातेले सूर्याने दिलेले नाही. त्यात किती तांदूळ घातला हे आपण वाटीने मोजलेले असते, आणि घरातील सर्वांस, रांधणारीसह, तो पुरणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते. मग तिने शेवटी जेवण्याचे कारण कोणते उरले?

काशीत साक्षात विश्वनाथाने अन्नपूर्णेपुढे भिक्षेसाठी हात पसरला, अशी कथा आहे. जिच्यापुढे महादेवही याचक झाले, तिच्या जयंतीला घरच्या कर्त्या पुरुषाने पळी हाती घेण्यात लाज कसली? भात एका पातेल्यात आहे, खीर दुसऱ्यात आहे. मध्ये मांडून घेतले की उठबस उरत नाही. पळसाच्या पत्रावळी मांडाव्या, देवीला नैवेद्य दाखवावा, आणि सर्वांनी एकत्र बसावे. गोळ्यावर फोडणीची पहिली धार मात्र तिच्या पानात घालावी, जिने पहाटे आधण ठेवले.