गाडी एकाची, गल्ले अनेकांचे!



"सर, कर्ज काढून कॅम्परव्हॅन घेऊ का? भाड्यानं देईन." हा प्रश्न तुमच्याही मनात असेल, तर आधी माझ्याबरोबर न्यूझीलंडच्या साउथ आयलंडवर चला. नजर मात्र पर्यटकाची नको, धंदेवाल्याची हवी.

क्राइस्टचर्चहून साधारण तीन तासांत लेक टेकापो येतं. हिमनदीनं दळलेलं दगडाचं पीठ पाण्यात तरंगतं, म्हणून तळं निळं-हिरवं दिसतं. हा परिसर २०१२ मध्ये 'डार्क स्काय रिझर्व्ह' झाला. दिवे आटोक्यात ठेवले आणि अंधारच प्रॉडक्ट झाला! रात्री तारे दाखवण्याचं तिकीट लोक आनंदानं काढतात.

पुढे क्रॉमवेल. फळबागांचा गाव, रस्त्यालगत फळांचे स्टॉल. मग कावाराऊची खोल घळ. तिथल्या जुन्या पुलावरून १९८८ मध्ये ए. जे. हॅकेट आणि हेन्री व्हॅन ॲश यांनी ४३ मीटरची बंजी उडी सुरू केली. पूल त्यांनी बांधला नव्हता, दरीही त्यांची नव्हती. कल्पना त्यांची होती.

हास्ट पास ओलांडला की पश्चिम किनारा. पुनाकाइकीला चुनखडीचे थरावर थर, पॅनकेकसारखे. याच किनाऱ्यावर व्हाइटबेट नावाचे इवलेसे मासे अंड्यात घालून तळून देतात.

आता पडद्यामागे बघू. तिथे मोकळ्या जागी मुक्काम करायचा, तर गाडीत किमान तीन दिवसांचं पाणी आणि सांडपाणी साठवायची सोय लागते. २०२३ च्या कायद्यानं पक्कं बसवलेलं टॉयलेटही सक्तीचं केलं. म्हणजे टाक्या रिकाम्या करायची जागा, गॅस, लाँड्री, तपासणी, दुरुस्ती... प्रत्येक गरजेमागे एक धंदा उभा आहे. आणि एका शहरात सोडलेली गाडी परत न्यायची असते, म्हणून कंपन्या ती जवळजवळ फुकट भाड्यानं देतात. का? उभी गाडी म्हणजे तोटा.

आता तुमचं गणित करू. समजा, हप्ता २५,००० रुपये. वर्षाचे झाले ३ लाख. गाडी १०० दिवस भाड्यानं गेली, तर दिवसाला ३,००० रुपये फक्त हप्त्यालाच गेले. विमा, दुरुस्ती, साफसफाई वेगळी! पावसाळ्यात गाडी दारात उभी राहील, हप्ता उभा राहणार नाही.

महाराष्ट्रानंही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलंय. पण सुरुवात गाडीपासूनच करायची, असं कुठे लिहिलंय? तुमचं घर हायवेला लागून असेल, तर सुरक्षित पार्किंग, पाणी, वीज, स्वच्छ संडास आणि गरम जेवण एवढ्यावरही सुरुवात होते. परवानग्यांची चौकशी मात्र आधी करा.

या आठवड्याचा होमवर्क: तुमच्या गावावरून जाणाऱ्या रस्त्यावर दोन तास उभे राहा. गाड्या कुठे थांबतात, लोक काय शोधतात आणि काय न मिळाल्यानं पुढे जातात, ते वहीत लिहा.

वही भरली, की मगच बँकेत जायचं की नाही ते ठरवा.