किरणोत्सर्गाने होणारी त्वचेची इजा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाइपच्या वेल्डिंगमधील दोष शोधण्यासाठी औद्योगिक रेडिओग्राफी वापरतात. तिच्या उपकरणात जाड कवचाआड बहुधा इरिडियम-१९२चा लहानसा स्रोत असतो. तो बाहेर पडला आणि कोणी उचलला, तर त्वचेला खोल इजा होते.

गैरसमज : घातक वस्तू असेल तर हाताला चटका बसेलच.
वस्तुस्थिती : गॅमा किरण दिसत नाहीत, त्यांना वास नसतो आणि हात लगेच पोळत नाही. फेब्रुवारी १९९९मध्ये पेरूतील यानांगो जलविद्युत प्रकल्पावर एका वेल्डरने पडलेला स्रोत उचलून पँटच्या मागच्या खिशात ठेवला आणि तो काही तास काम करत राहिला. मांडी दुखू लागली, तेव्हा कीटक चावल्याचे निदान झाले. पुढे त्याचा उजवा पाय कापावा लागला.

गैरसमज : लाली ओसरली की इजा बरी झाली.
वस्तुस्थिती : सुरुवातीची लाली तासाभरात किंवा दिवसभरात दिसून मावळू शकते. त्वचेच्या तळाच्या थरातील विभागणाऱ्या पेशी मात्र तोवर निकामी झालेल्या असतात; वरचा थर झिजला की इजा उघडी पडते. साधारण ३ ग्रे (शोषलेल्या किरणोत्सर्गाचे एकक) मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांनी केस गळतात. १५ ते २० ग्रेच्या सुमारास फोड येऊन त्वचा ओली सोलवटते. मात्रा त्याहून वाढली तर रक्तवाहिन्या बिघडून ऊतक मरते. भरलेली जखम महिन्यांनी, वर्षांनीही पुन्हा चिघळू शकते.

गैरसमज : अशा रुग्णाला हात लावणे धोक्याचे असते.
वस्तुस्थिती : बंदिस्त स्रोताच्या गॅमा किरणांमुळे शरीर किरणोत्सर्गी होत नाही. स्रोत फुटून त्याचे कण अंगाला लागले असतील तर गोष्ट वेगळी. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात २०१०मध्ये कोबाल्ट-६०चा स्रोत असाच तोडला गेला. त्या दुर्घटनेत एका कामगाराचा मृत्यू झाला. अशा वेळी मापकाने तपासणी करतात, कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुतात. पण तातडीचे उपचार त्यासाठी थांबवत नाहीत.

गैरसमज : छातीवरच्या टीएलडी बॅजवर (मात्रा नोंदवणाऱ्या बिल्ल्यावर) मात्रा कमी आली, म्हणजे इजा नाही.
वस्तुस्थिती : बॅज केवळ नोंद ठेवतो आणि ती नंतर वाचली जाते. लहान स्रोतापासून एक मीटरवरच्या तुलनेत एक सेंटिमीटरवर मात्रा सुमारे १०,००० पट असते. त्यामुळे बोटे जळाली तरी छातीवरचा आकडा किरकोळ असू शकतो. धोका जागीच कळतो तो किरणोत्सर्ग लगेच मोजून दाखवणाऱ्या सर्व्हे मीटरमुळे. अनोळखी धातूचा तुकडा उचलू नये. दूर व्हावे, इतरांना रोखावे आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला कळवावे.

गैरसमज : आयोडीनची गोळी घेतली की पुरे.
वस्तुस्थिती : ती फक्त किरणोत्सर्गी आयोडीनपासून थायरॉइड ग्रंथीला वाचवते. त्वचेच्या इजेवर वेदनाशमन, जंतुसंसर्ग रोखणे, मृत ऊतक काढणे आणि त्वचारोपण हे उपचार आहेत. निदानासाठी रक्तातील लिम्फोसाइट पेशी वारंवार मोजतात आणि जखमेची तारीखवार छायाचित्रे ठेवतात. कामगाराने आपल्या कामाचे स्वरूप डॉक्टरांना सांगणे सर्वांत महत्त्वाचे, कारण केवळ जखम पाहून तिचे कारण ओळखता येईलच असे नाही.