जुन्या पिकअप ट्रकास स्वयंचलित गिअरबॉक्स

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील शेतांवर अर्धशतकापूर्वीचे पिकअप ट्रक आजही नित्याच्या कामात दिसतात. १९६७ ते १९७२ या काळातील शेव्हरोले सी-१० हा त्यांपैकी एक. चौकट भक्कम, इंजिन साधे व सुटे भाग मिळण्यासारखे, त्यामुळे मालक तो मोडीत काढावयास धजत नाही. परंतु ट्रकाबरोबर मालकाचेही वय झालेले असते. डाव्या गुडघ्यास संधिवाताने ग्रासले म्हणजे वारंवार क्लच दाबणे असह्य होते. आणि बाजारपेठ वीस मैलांवर असता वाहन चालविता न येणे म्हणजे शेतीच आवरती घेणे होय. अशा वेळी हाताने बदलावयाची गिअरबॉक्स काढून तेथे स्वयंचलित गिअरबॉक्स बसविण्याचा मार्ग पत्करला जातो.

जनरल मोटर्सने १९६९ साली प्रचारात आणलेली टर्बो-हायड्रामॅटिक ३५० ही तीन गतींची गिअरबॉक्स या कामी सोयीची पडते. नुसती गिअरबॉक्स विकत घेण्यापेक्षा त्याच बनावटीचा, स्वयंचलित गिअरबॉक्स असलेला एखादा मोडका ट्रक सबंध घेणे शहाणपणाचे. गिअरबॉक्स कोठेही मिळते. मालकाची पायपीट होते ती ब्रेकचे रुंद पेडल, गिअर बदलण्याचे दांडे, आडवी पट्टी व योग्य लांबीचा प्रॉपेलर शाफ्ट यांच्यासाठी.

प्रथम क्लच, प्रेशर प्लेट व जड फ्लायव्हील काढावे लागते. क्रँकशाफ्टच्या टोकातील लहान पायलट बुशही काढावयास हवे, कारण तेथे टॉर्क कन्व्हर्टरचे बोंड बसते. हे बुश विसरल्याने झालेले नुकसान थोडेथोडके नसते. फ्लायव्हीलच्या जागी फ्लेक्सप्लेट ही पातळ चकती येते. ती निवडताना इंजिनाचा तोल पाहावा. शेव्हरोलेच्या ४०० घनइंची लहान ब्लॉकच्या इंजिनास तोलाचे वजन असलेली चकती लागते. तेथे साधी चकती लावल्यास इंजिन थरथरत राहते.

सर्वांत नाजूक टप्पा टॉर्क कन्व्हर्टर बसविण्याचा. तो गिअरबॉक्समध्ये फिरवीत फिरवीत आत सरकवावा, म्हणजे त्याच्या खाचा तेलपंपात पूर्ण गुंततात. गिअरबॉक्स इंजिनास हाताने टेकली पाहिजे. ती टेकत नसताना घाईने बोल्ट आवळून ओढून घेतल्यास पंप फुटतो, आणि सारे काम पुन्हा उतरवावे लागते. मग खर्च दुप्पट!

यानंतर तेलाच्या उष्णतेचा प्रश्न येतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल घुसळले जाऊन तापते, व मागे गुरांचा ट्रेलर असेल तर अधिकच तापते. जुन्या ट्रकाच्या रेडिएटरमध्ये तेल थंड करण्याची सोय नसल्यास रेडिएटर बदलावा अथवा स्वतंत्र कूलर लावावा. तापलेले तेल आतील क्लचपट्ट्या जाळते. इंजिनाच्या मॅनिफोल्डपासून व्हॅक्यूम मॉड्युलेटरला जाणारी नळीही धड असावी. ती गळू लागली तर गिअर उशिरा व धक्क्याने बदलतात.

काही मालक एक लहानसा स्विच वगळतात, कारण त्यावाचूनही ट्रक चालतो. ट्रक न्यूट्रल किंवा पार्कमध्ये असल्याखेरीज स्टार्टर फिरू न देणारा हा स्विच होय. तो नसेल तर गिअरमध्ये राहिलेला ट्रक किल्ली फिरविताच पुढे उडी घेतो. समोर फाटक उघडणारा नातू उभा असेल, तर या काटकसरीचे मोल काय होईल?

या फेरबदलात काही गमवावेही लागते. या गिअरबॉक्सचा तेलपंप केवळ इंजिनावर चालत असल्याने बॅटरी उतरली असता ट्रक ढकलून सुरू करता येत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पुष्कळ ट्रकांत चार गतींची एसएम-४६५ गिअरबॉक्स असे. तिचा पहिला गिअर ६.५५ पटींचा, तर टर्बो-हायड्रामॅटिकचा २.५२ पटींचा. टॉर्क कन्व्हर्टर निघतेवेळी ओढ सुमारे दुप्पट करतो, त्यामुळे निघतानाची ओढ पाच पटींच्या आसपास येते व नेहमीच्या ओझ्यास ती पुरते. परंतु हिवाळ्यात कित्येक पशुपालक ट्रक सर्वांत खालच्या गिअरमध्ये गोगलगाईच्या गतीने सोडून स्वतः मागे चढतात व गुरांना गवत टाकीत जातात. ही रीत तशीही धोक्याची, आणि स्वयंचलित ट्रकाने तर ती साधतच नाही. तो चढावर अडतो व उतारावर सुटतो. ज्यास मदतीला दुसरा माणूस नाही, त्याने याचा विचार आधी करावा.

भारतात वाहनाच्या मूळ रचनेतील बदलांवर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे बंधन आहे. म्हणून येथे असे काम मनात आणणाऱ्याने प्रादेशिक परिवहन कार्यालयात आधी चौकशी करावी.

ट्रक प्रथम रस्त्यावर काढल्यानंतर तेल तापलेले, इंजिन चालू व गिअर पार्कमध्ये असताना गजाने तेलाची पातळी पाहावी. तेल लालसर असावे. करपल्यासारखा वास आल्यास ट्रक ओझ्यास जुंपू नये व कूलरच्या नळ्या प्रथम तपासाव्यात.